इंदिराराजे : बडोद्याची लेक, कूचबिहारची महाराणी

चांगले कपडे घालणाऱ्या बाईविषयी आपल्या समाजाचे मत नेहमीच दुटप्पी राहिले आहे. ती समोरून आली की सगळ्यांनी कौतुकाने पाहायचे, आणि ती पाठमोरी झाली की तिच्या खर्चाचा हिशेब मांडायचा. नटणारी बाई उथळ असायचीच आणि विचारी बाईने स्वतःच्या वेषाकडे दुर्लक्ष करायचेच, ही समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे. या समजुतीला जिच्या चरित्राने धक्का बसतो, अशा एका मराठी स्त्रीची ओळख मंडळाच्या स्मरणिकेतून भगिनींना करून द्यावी असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

त्यांचे माहेरचे नाव इंदिराराजे गायकवाड. लग्नानंतर त्या कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी झाल्या. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींच्या मातोश्री म्हणून पुष्कळ जणींनी त्यांचे नाव ऐकले असेल. आज लग्नसमारंभात आपण हौसेने नेसतो ती शिफॉनची साडी हिंदुस्थानात रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. मी गेली अनेक वर्षे घरच्या घरी साड्यांना फॉल लावून आणि पिको करून देते. त्यामुळे शिफॉनचा आणि माझा संबंध रोजचाच. ही साडी आपल्याकडे आली कोठून, याचा शोध घेता घेता मी इंदिराराजांच्या चरित्रापर्यंत पोहोचले, आणि साडीपेक्षा ती बाईच मला अधिक मोलाची वाटली.

इंदिराराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १८९२ रोजी झाला. वडील महाराजा सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, आणि पुढे १९०६ मध्ये त्याने आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आई महाराणी चिमणाबाई. त्यांनी हिंदी स्त्रीच्या स्थितीविषयी १९११ साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा अध्यक्षपदी त्याच होत्या. चिमणाबाईंची ही एकुलती एक मुलगी. भावांच्या बरोबरीने वाढलेली, शिकलेली, आईवडिलांबरोबर परदेश पाहिलेली. मुलीने स्वतःच्या बुद्धीने विचार करावा असेच वातावरण त्या घरात होते. मात्र तो विचार आईवडिलांच्या विरुद्ध जाऊ लागला तेव्हा त्या सुधारक घरालाही तो मानवला नाही.

इंदिराराजांचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरले होते. मराठ्यांची दोन मोठी संस्थाने या सोयरिकीने जोडली जाणार होती. माधवराव वयाने पंधरा वर्षांहून अधिक मोठे होते आणि त्यांची पहिली महाराणी हयात होती. डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीला पंचम जॉर्जचा दरबार भरला. सयाजीरावांनी बादशहाला एकदाच मान लववून पाठ फिरवली, म्हणून त्या दरबाराची चर्चा आजही होते. त्याच दरबाराच्या दिवसांत इंदिराराजांची आणि कूचबिहारचे धाकटे राजकुमार जितेंद्रनारायण यांची ओळख वाढली. त्यानंतर त्या एकोणीस वर्षांच्या मुलीने माधवरावांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिले आणि हे लग्न आपण करणार नाही असे कळवून टाकले. आजच्या मुलींनाही ठरलेले लग्न मोडताना मध्यस्थ लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पत्राचे वजन कळते.

बडोद्याच्या राजवाड्यात केवढे वादळ उठले असेल याची कल्पना करता येते. कूचबिहार हे हिमालयाच्या पायथ्याचे लहान संस्थान. घराणे मराठा नव्हे. जितेंद्रनारायणांच्या आई महाराणी सुनीतिदेवी या ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या कन्या, म्हणजे रीतभातही निराळी. दोन वर्षे आईवडिलांनी विरोध केला. अखेर १९१३ साली लंडनमध्ये हे लग्न झाले, आणि त्याला वधूचे आईवडील हजर नव्हते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत थोरले दीर वारले, जितेंद्रनारायण गादीवर आले आणि इंदिराराजे महाराणी झाल्या. पुढे माहेरचे नाते पुन्हा सांधले गेले, नातवंडे बडोद्याला आजोळी जाऊन राहू लागली. परंतु पहिले पाऊल त्यांना एकटीनेच टाकावे लागले.

आता थोडे साडीकडे वळू. इंदिराराजांनी लहानपणी घरात पाहिली ती आपली सकच्छ नऊवारी. सासरी त्यांना भेटली ती पाचवारी गोल साडी. या गोल साडीतही आपल्या मुंबईचा वाटा आहे. सत्येंद्रनाथ ठाकुरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी नवऱ्याच्या नोकरीमुळे १८६० नंतरच्या दशकात मुंबईत राहिल्या, तेथल्या पारशी स्त्रियांचे नेसणे त्यांनी पाहिले आणि परकर, पोलके व निऱ्यांची ती पद्धत आपल्या पसंतीचे फेरफार करून बंगालमध्ये नेली. ब्राह्मसमाजाच्या स्त्रियांनी ती उचलली. केशवचंद्रांच्या मुलीचे घर म्हणजे या नव्या नेसण्याचे घरच. मुंबईहून बंगालमध्ये गेलेली ही पद्धत तेथे एका मराठी सुनेने आपलीशी केली, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

नेसण्याची पद्धत ठरली, पण कापडाचा प्रश्न उरला होता. समारंभाच्या रेशमी आणि जरीच्या साड्या जड असत, उन्हाळ्यात त्या अंगावर ओझे होत. घरातल्या सुती साड्या हलक्या, पण चारचौघांत नेसून जाण्याजोग्या समजल्या जात नसत. फ्रान्समध्ये इंदिराराजांच्या पाहण्यात शिफॉन आले. हे कापड दिसते साधे, पण त्याची करणी अवघड आहे. अत्यंत बारीक रेशमी धाग्याला भरपूर पीळ द्यावयाचा, एका धाग्याला उजवा पीळ तर शेजारच्याला डावा, आणि मग साधीच उभी-आडवी वीण घालावयाची. पिळलेले धागे सुटू पाहतात आणि एकमेकांना अडवतात, म्हणून कापडाला बारीकशी सुरकुती आणि हाताला किंचित खरखर येते. ते अंगाबरोबर वळते, खळ न देता सुंदर पडते, आणि सुईखाली मात्र पळत सुटते. नायलॉन आणि पॉलिएस्टरचे शिफॉन फार पुढचे. त्या काळचे शिफॉन शुद्ध रेशमाचे होते.

युरोपात हे कापड झग्यांसाठी विणले जाई आणि त्याचा पन्हा साडीला पुरत नसे. इंदिराराजांनी पॅरिसच्या कापडवाल्यांकडून साडीला पुरेल अशा पन्ह्याचे शिफॉन करवून घेतले आणि ते साडी म्हणून नेसल्या. त्यांचे सारे मोठेपण मला या एका गोष्टीत दिसते. पॅरिसचे कापड आवडले म्हणून त्या पॅरिसचा झगा घालू लागल्या नाहीत. युरोपातल्या मोठमोठ्या मेजवान्यांना त्या साडी नेसून जात, आणि साडी नेसलेल्या इंदिराराजांचे नाव तेथील उत्तम वेष करणाऱ्या स्त्रियांत घेतले जाई. कापड परदेशी असले तरी त्याचे माप त्यांनी आपल्या वेषाला लावले. आपण पुष्कळदा याच्या उलट वागतो. दुकानाच्या काचेआड जे दिसते त्याच्या मापाचे आपण व्हावे म्हणून धडपडतो, आणि मग ते अंगावर उसने दिसते.

पादत्राणांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत होती. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी साल्वातोरे फेरागामो नावाचा एक असामान्य कारागीर होता. अमेरिकेत असताना त्याने पायाच्या रचनेचा शास्त्रीय अभ्यास केला होता, आणि सुंदर पादत्राण पायाला दुखावता कामा नये असा त्याचा आग्रह असे. इंदिराराजांनी त्याच्याकडे शंभर जोडांची मागणी नोंदवली, आणि त्यातल्या काहींवर जडवण्यासाठी आपल्या संग्रहातले हिरे आणि मोती पाठवून दिले. एका जोडाच्या हिरव्या मखमलीवर मोती होते आणि एकाच्या काळ्या मखमलीवर हिरे. या कारागिराने पुढे आपल्या आत्मचरित्रात या गिऱ्हाइकाची आठवण नोंदवून ठेवली आहे.

शंभर जोडांची ही गोष्ट वाचून काही भगिनींच्या कपाळाला आठ्या पडतील आणि त्या पडायलाच हव्यात. हा पैसा एका लहान संस्थानातून येत होता आणि तेथली रयत शेतावर राबणारी होती. युरोपच्या जुगारगृहांतही महाराणींचा वावर असे. चरित्र सांगताना ही बाजू झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्यांच्या खर्चाचा कित्ता आपण गिरवावा असे मी म्हणत नाही, आणि आपल्याला तो परवडणारही नाही. त्यांच्या दृष्टीपासून मात्र शिकण्यासारखे आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. उत्तम ते ओळखावे, ते करणाऱ्या कारागिराला मान द्यावा, आणि अंगावर एका वेळी एकाच गोष्टीला बोलू द्यावे. गळ्यात पाचू असतील तर साडी अगदी साधी असावी. शिफॉनला जड काठ लावला तर तो कापडाला ओढून खाली आणतो, हे तर मी रोज पाहते.

या चरित्रातला सर्वांत कठीण भाग आता सांगावयाचा आहे. डिसेंबर १९२२ मध्ये जितेंद्रनारायण लंडनमध्ये वारले. वय अवघे छत्तीस. इंदिराराजे तीस वर्षांच्या होत्या आणि पदरी पाच मुले होती : इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री आणि मेनका. थोरला मुलगा सात वर्षांचा आणि धाकटी मेनका दोन वर्षांची. बोटीने हिंदुस्थानात परत येताना आई पांढऱ्या वस्त्रांत होती आणि सतत रडत होती, ही गायत्रीदेवींची अगदी लहानपणची आठवण आहे.

त्या काळच्या हिंदू घरात तीस वर्षांच्या विधवेपुढे काय वाढून ठेवलेले असे, हे मी सांगावयास नको. अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६ साली, म्हणजे इंदिराराजे चार वर्षांच्या असताना. तिथपासून ही चळवळ चालू होती, तरी राजघराण्यातल्या विधवेने माजघरात जाऊन बसावे हीच अपेक्षा होती. इंदिराराजे माजघरात बसल्या नाहीत. मुलगा अज्ञान होता म्हणून त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि १९३६ साली मुलाला अधिकार मिळेपर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे, तो सांभाळला. आणि त्यांनी स्वतःला पुसून टाकले नाही. तलम शिफॉन आणि मोती हा त्यांचा वेष लोकांच्या डोळ्यांपुढे राहिला तो याच वर्षांतला. दुःख त्यांनी भोगले, पण दुःखाचा गणवेश आयुष्यभर अंगावर बाळगला नाही.

येथे मी स्वतःविषयी दोन शब्द लिहिते. माझे यजमान गेले तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. तेराव्यानंतर नात्यातल्या एका बाईंनी मला विचारले की कपाटातल्या गडद रंगाच्या साड्या मी कोणाकोणाला देणार आहे. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, रीत म्हणूनच त्यांनी विचारले. पण माझे पोट साड्यांवर चालणार होते. दिवसभर लाल, जांभळ्या, मोरपिशी साड्या मांडीवर घेऊन मी फॉल लावावा आणि संध्याकाळी कपाट उघडताना मात्र रंगाला हात लावू नये, हे मला पटेना. मी दोन साड्या माझ्या खुशीने भाचीला दिल्या आणि बाकीच्या नेसत राहिले. काही दिवस कुजबुज झाली आणि मग लोक विसरले. इंदिराराजांचे चरित्र मी त्यानंतर वाचले. राजवाड्यातल्या बाईचे आणि माझे आयुष्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, तरी कपाटापुढचा तो प्रश्न दोघींना एकाच जातीचा पडला असेल असे मला वाटून गेले.

अशी टापटीप असणारी माणसे पुष्कळदा कोरडी असतात, स्वतःच्या आरशापलीकडे त्यांना काही दिसत नाही. इंदिराराजांचे तसे नव्हते. कन्येने आपल्या आठवणींत आईचे घर मोठ्या बारकाईने वर्णन केले आहे. तेथे तीन स्वयंपाकी होते. एक बंगाली, एक इंग्रजी आणि एक मराठी पदार्थ करणारा. इतकी वर्षे बंगालमध्ये आणि युरोपात काढूनही माहेरची चव त्यांनी घरात जपली होती. पाहुण्याला इटलीचा पदार्थ वाढावयाचा तर तो अस्सल असावा, म्हणून त्या आपल्या स्वयंपाक्याला रोमच्या एका नामांकित उपाहारगृहात घेऊन गेल्या होत्या. नोकराच्या हातून चूक झाली म्हणून रागावणाऱ्या मालकिणी आपण पुष्कळ पाहतो. त्याने उत्तम काय ते आधी चाखावे म्हणून त्याला बरोबर नेणारी मालकीण विरळा. गायत्रीदेवींचे लग्न १९४० साली झाले. त्यासाठी आईने फ्लॉरेन्सच्या चादरींपासून फेरागामोच्या जोड्यांपर्यंत एकेक वस्तू स्वतः निवडली होती. आणि शिफॉनची युक्ती त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. इतर संस्थानांच्या राण्यांनी ती उचलली, तेथून ती शहरांतल्या दुकानांत आली, आणि आज ती माझ्या मांडीवर फॉल लावण्यासाठी येते. आपल्याला सापडलेली चांगली वस्तू दुसरीच्या अंगावर पाहून ज्या बाईला आनंद होतो, तिलाच रसिक म्हणावे.

उत्तरायुष्यात त्यांना सुख थोडेच लाभले. थोरली मुलगी इला १९४५ साली गेली आणि १९५१ साली मुलगा इंद्रजितेंद्र गेला. दरम्यान १९४९ मध्ये कूचबिहार संस्थान भारतात विलीन झाले आणि १ जानेवारी १९५० पासून तो पश्चिम बंगालचा एक जिल्हा झाला. इंदिराराजांचे शेवटचे दिवस मुंबईत गेले, आणि ६ सप्टेंबर १९६८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. कन्या गायत्रीदेवींनी १९४३ साली जयपूरला मुलींची शाळा काढली, १९६२ साली प्रचंड मताधिक्याने त्या लोकसभेवर निवडून आल्या, आणि २००९ साली निवर्तेपर्यंत आईने दाखवलेली शिफॉनची साडी आणि मोत्यांची माळ हीच त्यांची ओळख राहिली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसे करावे असे सुचवले. म्हणजे इंदिराराजांच्या वैधव्यानंतर शंभर वर्षांनीही असा ठराव करण्याची गरज उरलीच होती. आपल्या मंडळात शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, नातवंडे असलेल्या भगिनी आहेत. तरीही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यातल्या काही जणी मागच्या ओळीत बसतात आणि ताट जवळ आले की उठून पाणी प्यायला जातात, हे मी दरवर्षी पाहते. त्यांना कोणी उठवीत नाही, पण बसा असेही कोणी म्हणत नाही.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने माझ्या दोन सूचना आहेत. पहिली अशी, की येत्या संक्रांतीला वाण आणि हळदीकुंकू सर्व सभासद भगिनींना सारखे द्यावे, आणि त्याची सुरुवात मागच्या ओळीपासून करावी. दुसरी सूचना साड्यांविषयी. दिवाळीच्या आधी आपण गरजू भगिनींसाठी साड्या गोळा करतो तेव्हा गाठोड्यात बहुधा विटलेल्या आणि जीर्ण साड्याच येतात. या खेपेस प्रत्येकीने एक तरी अशी साडी आणावी, जी आपल्याला अजून आवडते आणि देताना हात थोडा अडखळतो. ज्या साडीचा फॉल निघाला असेल ती माझ्याकडे आधी पाठवा. मी तो लावून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.